परीची बाग ताणावर

परी ही मुळात थंड हवेतली असावी. पुस्तकांतल्या चित्रांत ती दवावर उतरते, ओल्या गवतात नाचते, भूछत्राखाली घर करते. एप्रिल-मेच्या जालन्यात यातलं काही मिळत नाही. पारा बेचाळीसवर गेला तरी इथं कुणी ती बातमी म्हणून सांगत नाही. दुपारी सदर बाजारातले दुकानदार शटर अर्धं ओढून आत पंख्याखाली पडलेले असतात, आणि गांधी चमनकडे रसवंतीची घुंगरं तेवढी वाजत असतात. नेमक्या याच दिवसांत मला परीच्या पार्ट्यांच्या सगळ्यात जास्त ऑर्डरी येतात. शाळांना सुट्टी लागलेली, पुण्या-मुंबईची नातवंडं आजोळी उतरलेली, आणि कुणाच्या तरी मोबाइलवर परदेशातल्या हिरव्यागार बागेतला वाढदिवस फिरत असतो. "मॅडम, आम्हाला अगदी अस्संच पाहिजे."

मी पूर्वी बालवाडीत शिकवायचे. तिथलेच पालक वाढदिवसाला खेळ घ्यायला बोलावू लागले, मग सजावटही तुम्हीच करा म्हणाले, आणि हळूहळू बालवाडी सुटून हेच काम राहिलं. जालना शहर, बदनापूर, अंबड, कधी भोकरदनपर्यंत जाते. जंगल केलं, अंतराळ केलं, राजवाडा केला. पण घाम काढला तो परीनं.

फुग्यांचंच बघा. दुपारी घट्ट भरलेला फुगा अंगणात नेला की आतली हवा तापून फुगते आणि रबर आधीच ताणलेलं असतं. मग एकामागून एक बार. माझ्या हाताखालचा पोरगा एकदा पंप खाली ठेवून म्हणाला, "ताई, मी भरायलो आन् ते फुटायलेत. पैसे कोणाला द्यायचे, मला का उन्हाला?" पाऊण भरायचे, घरात भरायचे, शेवटच्या तासात बाहेर काढायचे, हे सगळं करून झालं. तरी उन्हात फुग्याची चकाकी जाऊन तो धुरकट दिसतो, आणि तीन वर्षांचं लेकरू एका आवाजाला दचकलं की पुढचा अर्धा तास आईच्या कडेवरून उतरत नाही. म्हणून मेमधली फुग्यांची कमान मी बंद केली. त्याआधी थर्माकोलचे महाल होते. 2018 साली राज्यात थर्माकोलच्या सजावटीवर बंदी आली तेव्हा आमच्या धंद्यातल्या पुष्कळांनी कपाळाला हात लावला होता. मला मात्र सुटल्यासारखं झालं. कूलरच्या वाऱ्यानं ते पांढरे मणी घरभर उडायचे आणि खिरीच्या वाटीत सापडायचे.

चमकीलाही मी नाही म्हणते. घामाबरोबर ती डोळ्यांत उतरते. गालावर दोन टिकल्या लावल्या तरी परी दिसते. नेटच्या झग्याचं तर विचारूच नका. घामोळ्या उठलेल्या पाठीवर नेट म्हणजे लेकराला शिक्षाच. पहिले दोन फोटो होईपर्यंत ते सोसतं, मग मागं हात नेऊन खाजवायला लागतं, आणि आई ओरडते, "समोर बघ! समोर बघ ना!" कुठल्याही पार्टीत मला सगळ्यात जास्त ऐकू येणारं वाक्य हेच. "हॅपी बर्थडे"चा नंबर त्याच्यानंतर.

खरी गंमत पंखांत आहे. जालना हे लोखंडाचं गाव. एमआयडीसीत सळया निघतात, त्यामुळे सळया बांधायची बाइंडिंग तार इथं हार्डवेअरच्या कुठल्याही दुकानात किलोवर मिळते. ही तार मऊ असते, हातानं हवी तशी वाकते. दुहेरी पिळून पंखाचा आकार द्यायचा, त्यावर जुनी जाळी ताणायची, मधे इलॅस्टिकचे दोन फास घालायचे. दिसायला सुरेख. पण पाच वर्षांचं मूल पंख लावून उभं राहत नाही, ते लोळतं. तारेचं टोक कितीही टेपनं गुंडाळलं तरी कधीतरी बाहेर येणारच, शिवाय मागचं पोर पुढच्याच्या पंखात अडकून पडतं. शेवटी तार भिंतीवरच्या वेलींना ठेवली आणि पंखांना ओढणी घेतली. ओढणीचा मधला भाग पाठीवर, वरचे दोन कोपरे दोन्ही मनगटांना, मानेभोवती काही म्हणजे काही गुंडाळायचं नाही. गाठ अशी मारायची की जोरात ओढलं तर सुटली पाहिजे. प्रत्येक घरात पाच-सात ओढण्या निघतातच, त्यामुळे पंखांचा खर्च शून्य. ही गोष्ट मी पालकांना आधी सांगत नाही. सांगितली की ते भाव करतात.

आणि ओढणीचे पंख उडतात. कुठं? कूलरसमोर. मराठवाड्यातल्या घरात उन्हाळ्याचं सगळं राजकारण कूलरभोवतीच चालतं, कोण त्याच्या तोंडाशी झोपणार यावरून मोठी माणसं भांडतात. मी पोरांची रांग लावते. एकेकानं यायचं, हात पसरायचे, डोळे मिटायचे. वाळ्याच्या वासाचा गार वारा ओढणीत भरतो, ती मागं फडफडते, आणि घामेजलेल्या मानेवरचे केस उडतात. लेकराच्या चेहऱ्यावर त्या वेळी जे दिसतं ते मी कुठल्याही तयार पंखांत पाहिलेलं नाही. एक मुलगी उतरायलाच तयार नव्हती. "थांबा ना, मी अजून खाली आले नाही," म्हणाली. फक्त एक पथ्य मी कडक पाळते. पत्र्याच्या कूलरमध्ये करंट उतरतो आणि ओल्या हाताची लेकरं त्याला चिकटतात. म्हणून कूलर खिडकीबाहेर पाहिजे, अर्थिंग बघितलेलं पाहिजे, आणि आत फरशीवर दोरीनं रेघ आखलेली पाहिजे. रेघेपलीकडे परीच्या राज्याची हद्द, तिकडे कुणी जायचं नाही. यजमान हसतात. हसू द्यावं.

बऱ्याच आयांना परी गुलाबीच हवी असते. त्यांना मी 'इंदरसभे'ची गोष्ट सांगते. लखनौच्या अमानत यांनी 1853 च्या सुमारास लिहिलेलं हे संगीतनाटक पुढं पारशी कंपन्यांनी गावोगाव नेलं. त्यातल्या पऱ्या रंगांच्या आहेत. पुखराज परी पिवळी, नीलम परी निळी, लाल परी आणि हिरवी सब्ज परी. गुलाबी एकही नाही. शंभर-दीडशे वर्षं आपल्याकडच्या प्रेक्षकांना हे रंग चालले, मग वाढदिवसालाच का चालू नयेत? शिवाय चार रंग असले की "मला तिच्यासारखाच पाहिजे" हे भांडण होत नाही. इंदरसभा बहुतेक जणींनी ऐकलेली नसते, पण जुनं काहीतरी आहे म्हटल्यावर सासूबाई माझ्या बाजूनं होतात.

मागं एकदा अंबडच्या वाटेवरच्या एका शेतात 1 जूनला पार्टी होती. नात पाच वर्षांची होत होती. तिचा वाढदिवस खरोखरच 1 जूनचा, दवाखान्याच्या दाखल्यावरचा. आजोबांचाही 1 जूनच, पण तो गुरुजींनी दिलेला. आमच्याकडच्या एका आख्ख्या पिढीचे वाढदिवस असे आहेत. पोराला शाळेत घालायला नेलं की गुरुजी उंची बघून साल ठरवायचे आणि तारीख लिहायचे जूनची पहिली. त्या दिवशी फोनवर शुभेच्छा पाठवायला बसलं तर संध्याकाळ होते. आजीला तेवढंही मिळालं नव्हतं. शाळाच पाहिली नाही, तर तारीख कुठून येणार. "बाहत्तरच्या दुष्काळात मी रांगत होते म्हणं. माय तलावाच्या कामावर माती टाकायची आन् मला बाभळीखाली ठेवायची. तिथं मिळालेली सुकडी खाऊन वाढले," एवढीच तिची जन्मनोंद.

ऑर्डर होती 'परीची बाग' अशी. मोसंबीची बाग दारातच आहे म्हटल्यावर मी खूश. जालन्याच्या मोसंबीला भौगोलिक मानांकन आहे, गोल गर्द झाडांच्या रांगा असतात, सजावटीला हात लावायचं काम नाही. जाऊन बघते तर झाडं मलूल, पानं वळलेली, खाली पिवळ्या पानांचा सडा. मुलीच्या आईचा चेहरा पडलेला. आजोबा शांतपणे म्हणाले, "बाग ताणावर हाय." मृग बहार धरायचा तर मे महिन्यात मोसंबीचं पाणी तोडतात. झाड तहानेनं कासावीस झालं पाहिजे, पानं झडली पाहिजेत, म्हणजे जूनच्या पावसाबरोबर किंवा नंतर दिलेल्या पाण्याबरोबर ते एकदम फुलावर येतं. ती फळं पुढच्या फेब्रुवारी-मार्चमध्ये हातात येतात, भर उन्हाळ्याच्या तोंडावर, आणि भाव देऊन जातात. तेव्हा परीसाठी बागेला पाणी सोडा असं म्हणायची कुणाची हिंमत नव्हती. मी पोरांना सांगितलं, ही बाग झोपलीय, आपण तिला उठवायचं नाही. झालं. पुढचा तासभर बारा-चौदा पोरं झाडांमधून चवड्यांवर चालत होती. एरवी शांत बसवायला मला घसा फोडावा लागतो.

मग आजी आडव्या आल्या. विहीर जवळ होती, आणि ओढण्या बांधून तयार झालेल्या मुली मोजल्या तर सात. आजींनी पदर तोंडाशी धरला. "सात पोरी, पंख लावून, हिरीपाशी? नको गं माय." साती आसरा आमच्याकडे विहिरीला, डोहाला, तळ्याला असतातच. काठावर शेंदूर लावलेले सात दगड, वर्षातून एकदा हळदीकुंकू, खणानारळाची ओटी. पाण्याच्या मालकिणी त्या. त्यांचं सोंग घ्यायचं नसतं. पुण्याहून आलेला जावई हसायला लागला. मला हसू आलं नाही. लहान पोरं कठडा नसलेल्या विहिरीजवळ जाऊ नयेत यासाठी म्हाताऱ्या बायकांनी केलेला याहून चोख बंदोबस्त मी पाहिलेला नाही. मी दोरीची रेघ आखते, त्यांनी आसरा बसवल्या. विहिरीपासून लांब, आखाड्याच्या, म्हणजे शेतातल्या घराच्या, ओट्यावर सगळं हलवलं आणि आजींना विचारलं, आठ केल्या तर चालेल का? आठ चालणार होत्या.

आठवा होता सालदाराचा मुलगा. ओट्याच्या कोपऱ्याला टेकून केव्हाचा बघत होता. तू होतोस का परी, विचारल्यावर लगेच म्हणाला, "लालपरी होतो." मी इंदरसभेच्या नादात लाल ओढणी काढली. त्यानं माझ्याकडे असं पाहिलं की ही बाई कुठून आली. "पंख नाय लागत. दरवाजा लागतो." त्याची लालपरी म्हणजे एसटी.

मग खोका शोधला. नव्या कूलरचा खोका घरातच होता. वरचं-खालचं तोंड कापलं, बाहेरून पताकांचा उरलेला लाल कागद डकवला, कात्रीनं खिडक्या पाडल्या, आणि पुढं पाटी लिहिली: जालना–अंबड. आजोबा म्हणाले, आज एसटीचाही वाढदिवस आहे. ते खरं होतं. 1 जून 1948 ला पुणे–अहमदनगर ही पहिली एसटी सुटली. जालन्यात मात्र त्या दिवशी निजामाचं राज्य होतं, आमच्यापर्यंत ती गाडी यायला अजून अवकाश होता. खोक्यात तो मुलगा उभा राहिला, दोन्ही हातांनी गाडी उचलली आणि तोंडानं डबल बेल मारली. सातही पऱ्या उडायचं सोडून बसमागं धावल्या. "हाफ तिकीट, बायांना हाफ तिकीट," असं त्यातलीच एक ओरडली. एसटीत बायकांना अर्धं भाडं 2023 पासून लागू झालंय, हे पाच वर्षांच्या परीला पाठ होतं. कंडक्टर पुढचं बोलला, "पंखवाल्यांनी पंख आवरून बसा." मी ठरवलेले तिन्ही खेळ तसेच राहिले. राहू दिले.

साडेचारला लाइट गेली. कूलर थांबला, ओट्यामागची खोली भट्टीसारखी तापायला लागली, केक फ्रिजमध्ये असला तरी आता तोही घटका मोजत होता. मोठी माणसं बियाण्याच्या पिशव्या आणि पाऊस कधी यावर बोलत होती, त्यांना काही पडलेलं नव्हतं. पोरांची मात्र किरकिर सुरू झाली. माझ्या डोक्यात एक गोष्ट बरेच दिवस घोळत होती. जे. एम. बॅरीच्या 'पीटर पॅन' नाटकातली टिंकर बेल ही परी, जिचे पंख आज प्लास्टिकचे होऊन जगभर विकले जातात, ती 1904 साली लंडनमध्ये पहिल्यांदा रंगमंचावर आली तेव्हा कुणी नटी नव्हतीच. आरशानं पाडलेला उजेडाचा एक ठिपका आणि घंटीचा आवाज, एवढीच ती परी. लंडनच्या डिसेंबरात त्यांना दिवा लावावा लागला असेल. आमच्याकडे सूर्य फुकट होता.

आजोबांचा दाढीचा आरसा मागून घेतला. खोलीचं दार लोटलं, खिडकीला चादर लावून एका कोपऱ्यातून उन्हाची फट ठेवली. हाताखालच्या पोराला आरसा देऊन बाहेर उभं केलं, त्याला आतलं दिसत नव्हतं, मी हाक मारली की हलवायचा एवढंच ठरलं. आणि माझ्या हातात नातीचं पैंजण. आरसा चौकोनी होता, पण लांबच्या भिंतीवर कवडसा पडला तो गोल, कडा थरथरणारा. पोरं गप्प. पैंजण एकदा वाजलं तर हो, दोनदा वाजलं तर नाही, असं सांगितलं आणि मग प्रश्नांना ऊत आला. तू काय खातेस, याला पैंजण उत्तर देऊ शकत नाही, तेव्हा पोरांनीच प्रश्न सुधारले. तू पोळी खातेस का? नाही. आंबा? हो. तुला ऊन लागतं का? इथं मी अडखळले, पण बाहेर पोराचा हात घामानं घसरला आणि कवडसा एकदम छतावर उडाला. पोरांना उत्तर मिळालं. बसच्या ड्रायव्हरनं पुढं होऊन भिंतीवर तळहात ठेवला. ठिपका त्याच्या पंजाच्या पाठीवर आला. त्यानं हळूच दुसरा हात त्यावर झाकला, तर ती त्याही हातावर येऊन बसली. पकडता येत नाही हे त्याला चटकन कळलं. मग त्यानं हात तसाच धरून ठेवला, तिला उभं राहायला. एकीनं पन्ह्याचा पेला आणून भिंतीशी ठेवला. आरसा कुणाच्याही तोंडावर जाऊ द्यायचा नाही, एवढं मी बाहेर ओरडून सांगत होते. बाकी माझं काम उरलंच नव्हतं.

बाहेरून फोटो काढायला आलेल्या काकांच्या मोबाइलमध्ये काळोख आणि एक पांढरा डाग आला. त्यांनी तो पुसून टाकला.

लाइट आली तेव्हा साडेपाच होऊन गेले होते. केकवरची साखरेची परी एका बाजूला कलली होती, ती कापायच्या आधीच कुणीतरी खाल्ली. आजींनी निघताना माझ्या हातावर दोन कच्च्या कैऱ्या ठेवल्या आणि विचारलं, "ती उजेडाची पोरगी रोज येती का?" आभाळ नसलं तर येते, म्हटलं.

तेव्हापासून माझ्या दरपत्रकात कवडशाची परी आहे. सामान काहीच लागत नसल्यामुळे तिचे पैसे किती लावायचे हा प्रश्न अजून सुटलेला नाही. जास्त सांगितले तर लोक विचारतात यात आहे काय, कमी सांगितले तर विश्वास ठेवत नाहीत. आणखी एक अडचण वेळेची आहे. गेल्याच आठवड्यात जुन्या जालन्यातल्या एका बाईंना ती परी हवी होती, रात्री आठ वाजता, हॉलमध्ये. मी म्हटलं, पश्चिमेची खोली आणि चार ते पाच ही वेळ द्या. त्या म्हणाल्या, एवढ्या उन्हात येणार कोण, आमच्याकडे सगळे अंधार पडल्यावरच बाहेर पडतात. बॅटरी मारता नाही येणार का? मी म्हटलं, येईल, पण तिची कड थरथरत नाही. त्या थोडा वेळ गप्प राहिल्या आणि म्हणाल्या, "मिस्टरांना विचारून सांगते."